स्पॅनिश अनुवादातील क्रियापदांची निवड : मराठी भाषक अभ्यासकाच्या दृष्टीने एक विवेचन
(थळ परिसरातील उदाहरणांसह)

प्रस्तावना

अनुवाद करणाऱ्याला नामांपेक्षा क्रियापदे अधिक अडवतात. होडी, जाळे, मीठ, दीपगृह या वस्तू डोळ्यांना दिसतात आणि प्रत्येक किनारी भाषेत त्यांना नाव असते. क्रियापद मात्र वस्तूचे नाव सांगत नाही. कोण काय करतो, कोणाच्या बाजूने करतो, हेतूने करतो की त्याच्या हातून घडते, हे सर्व क्रियापद सांगते. ही वाटणी प्रत्येक भाषा आपापल्या रीतीने करते.

महाराष्ट्रात स्पॅनिश शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी नसली तरी ती आता केवळ पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. सुमारे वीस देशांची राजभाषा असलेली ही भाषा जहाजावरील नोकरी, पर्यटन, निर्यात आणि अनुवाद या क्षेत्रांत उपयोगी पडते. या विद्यार्थ्यांच्या हाती येणारी पाठ्यपुस्तके व शब्दकोश बहुधा इंग्रजीतून समजावणारे असतात. त्यामुळे मराठी विद्यार्थी मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये असा दुहेरी प्रवास करतो. या प्रवासात मराठीने आधीच केलेले अनेक भेद इंग्रजीच्या मुक्कामी गळून पडतात आणि पुढे स्पॅनिशच्या दारात तेच भेद 'नवे नियम' म्हणून पाठ करावे लागतात.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, इंग्रजीतील एका क्रियापदासाठी स्पॅनिशमध्ये दोन-तीन पर्याय असतील, तेव्हा मराठी विद्यार्थ्याने प्रथम इंग्रजी वाक्याचे स्वाभाविक मराठी करावे. बऱ्याच वेळा योग्य स्पॅनिश क्रियापदाची निवड त्या मराठी वाक्यातच झालेली असते. मात्र काही ठिकाणी मराठी मदत करत नाही आणि काही ठिकाणी ती चुकीच्या वाटेला लावते. ती ठिकाणे वेगळी ओळखणे हाही या लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी अलिबागजवळील थळ या किनारी गावाच्या जीवनातील वाक्ये घेतली आहेत. मासेमारी, समोरची खांदेरी-उंदेरी ही बेटे आणि राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना या तिन्हींमुळे घर, इतिहास आणि उद्योग अशा तिन्ही प्रकारची क्रियापदे एकाच गावात भेटतात. स्पॅनिश शब्द येथे लॅटिन अमेरिकेतील सर्वसाधारण उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत.

पार्श्वभूमी : या किनाऱ्यावरील भगिनीभाषा

रायगडच्या किनाऱ्याला स्पॅनिशचा सहवास नसला तरी तिची सख्खी बहीण पोर्तुगीज येथे दोन शतकांहून अधिक काळ वावरली. थळच्या दक्षिणेस असलेल्या चौल येथे पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये ठाणे उभारले आणि १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आले. त्याच परिसरातील कोर्लई गावच्या ख्रिस्ती समाजात पोर्तुगीजपासून घडलेली एक मिश्रभाषा आजही बोलली जाते.

या सहवासाचा मराठीवरील ठसा पाहण्यासारखा आहे. पाव, चावी, बटाटा, साबण, अननस, घमेले, फीत असे शब्द पोर्तुगीजमधून आले आणि मराठीत मुरले. ही सर्व नामे आहेत. 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे हे क्रियापद मात्र मराठीत आले ते 'पगार' हे नाम होऊन. स्पॅनिशमध्येही 'पागार' हेच क्रियापद त्याच अर्थाने आहे. उलट दिशेने, कोर्लईच्या बोलीने मराठीतून क्रियापदे घेतली तेव्हा त्यांच्यासाठी 'उ'कारान्त क्रियापदांचा एक स्वतंत्र वर्गच तयार केला. परकी क्रियापदे आपल्या भाषेत नांदवायची तर त्यांना घर बांधून द्यावे लागते, हे यावरून दिसते. नाम उचलून आणता येते. क्रियापदासोबत वाक्याची सगळी मांडणी येते.

आणखी एक दाखला येथे उपयुक्त आहे. 'क्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होते. त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले ते पोर्तुगीज भाषेत. त्यांच्या निधनानंतर १६४० मध्ये ते रायतूर येथे छापले गेले. म्हणजे या किनाऱ्यावरील भाषा आणि स्पॅनिशच्या कुळातील भाषा यांची समोरासमोर गाठ घालण्याचे काम चार शतकांपूर्वीच झाले आणि एका इंग्रजाने ते इंग्रजीला मध्ये न आणता केले. आजच्या विद्यार्थ्याला तो मार्ग पुन्हा धरता येईल.

समस्येचे स्वरूप

इंग्रजीतील नित्य वापराची क्रियापदे अतिशय व्यापक आहेत. 'टेक', 'लीव्ह', 'आस्क', 'नो' यांसारखे एकेक क्रियापद अनेक अर्थ वाहते आणि नेमका अर्थ कर्मावरून किंवा पुढील शब्दयोगी शब्दावरून ठरतो. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला आणि त्यानंतरच्या प्रत्येक कोशाला अशा क्रियापदांपुढे मराठी प्रतिशब्दांची रांग मांडावी लागली आहे. इंग्रजी-स्पॅनिश कोशातही हीच रांग दिसते. नवखा विद्यार्थी तिच्यातील पहिला शब्द उचलतो आणि तेथेच चूक होते. दोन्ही रांगा शेजारी ठेवून पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. इंग्रजी क्रियापद जेथे मराठीत फुटते तेथेच ते बऱ्याचदा स्पॅनिशमध्येही फुटते.

मराठी जेथे वाट दाखवते

*(१) विचारणे आणि मागणे.* इंग्रजीतील 'आस्क' दोन्हींसाठी चालते. स्पॅनिशमध्ये माहिती विचारणे म्हणजे 'प्रेगुन्तार' आणि वस्तू मागणे म्हणजे 'पेदीर'. थळच्या बाजारात गिऱ्हाईक पापलेटचा भाव विचारते तेव्हा 'प्रेगुन्तार' आणि दोन वाटे बोंबील मागते तेव्हा 'पेदीर'. मराठी बोलणारे लहान मूलही या दोहोंत गल्लत करत नाही. गल्लत होते ती दोन्ही वाक्ये आधी 'आस्क'मध्ये घातल्यामुळे. 'प्रश्न विचारणे' यासाठी स्पॅनिश 'आसेर ऊना प्रेगुन्ता', म्हणजे शब्दशः 'प्रश्न करणे', असे म्हणते. मराठीलाही 'प्रश्न करणे' परिचित आहे.

*(२) घेणे, नेणे, काढणे, लागणे.* इंग्रजी 'टेक'ची ही चार मराठी रूपे स्पॅनिशमध्ये जवळजवळ जशीच्या तशी मिळतात. औषध घेणे, चहा घेणे, किल्ला घेणे या तिन्हींसाठी 'तोमार'. मासळी बाजारात नेणे यासाठी 'येबार'. फोटो काढणे, बँकेतून पैसे काढणे, दात काढणे, तिकीट काढणे या चारही ठिकाणी 'साकार', ज्याचा मूळ अर्थच 'बाहेर काढणे' असा आहे. इंग्रजीत या चार क्रियांना एक क्रियापद पुरत नाही. मराठीत आणि स्पॅनिशमध्ये पुरते. होडीला वेळ लागणे यासाठी 'तार्दार'. येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. बस पकडणे किंवा वस्तू हाती घेणे यासाठी स्पेनमध्ये 'कोहेर' हे क्रियापद सर्रास वापरले जाते. लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत मात्र ते अश्लील समजले जाते. तेथे 'तोमार' वापरणे निर्धोक.

*(३) निघणे आणि सोडणे-ठेवणे.* 'लीव्ह' या इंग्रजी क्रियापदात दोन विरुद्ध चित्रे दडलेली आहेत. एकात माणूस जातो, दुसऱ्यात वस्तू मागे राहते. होडी निघते तेथे 'सालीर'. पिशवी येथे ठेवा, नोकरी सोडली, दार उघडे राहू द्या येथे 'देहार'. कारखान्यातील सूचनेत या भेदाचे मोल कळते. 'झडप उघडी ठेवा' आणि 'परिसरातून बाहेर पडा' या दोन्ही सूचना इंग्रजीत 'लीव्ह'नेच देता येतात. अमोनियासारखा वायू हाताळणाऱ्या ठिकाणी अनुवादकाने यात गल्लत केली तर ती केवळ व्याकरणाची चूक राहत नाही.

*(४) परतणे आणि परत करणे.* दोन्हींसाठी इंग्रजी 'रिटर्न'. होडी बंदरात परतते तेथे 'बोल्बेर'. उसने घेतलेले जाळे परत करणे येथे 'देबोल्बेर'. त्याचप्रमाणे 'स्पेंड'साठी पैसे खर्च करणे म्हणजे 'गास्तार' आणि दिवस घालवणे म्हणजे 'पासार'. 'प्ले'साठी खेळणे म्हणजे 'हुगार' आणि वाद्य वाजवणे म्हणजे 'तोकार'. 'वर्क'साठी माणूस काम करतो तेव्हा 'त्राबाहार' आणि इंजिन चालते तेव्हा 'फुन्सिओनार'. 'इंजिन काम करत नाही' असे आजकाल मराठीतही ऐकू येते, परंतु ते इंग्रजीच्या सावलीतील मराठी आहे. नाखवा 'इंजिन चालत नाही' असे म्हणतो आणि स्पॅनिश अनुवादासाठी त्याचेच वाक्य अधिक उपयोगी ठरते.

*(५) आवडणे आणि त्याची मांडणी.* 'लाइक' या क्रियापदाशी झगडताना इंग्रजी भाषक विद्यार्थ्याला स्पॅनिशचे 'गुस्तार' उलटे वाटते, कारण त्यात आवडणारी वस्तू ही कर्ता असते आणि माणूस चतुर्थीत जातो. मराठी विद्यार्थ्याला यात नवे काहीच नाही. 'मला मासळी आवडते' म्हणजे 'मे गुस्ता एल पेस्कादो'. 'मला आंबे आवडतात' म्हणजे 'मे गुस्तान लोस मांगोस'. अनेकवचनी वस्तू आली की क्रियापदही अनेकवचनी होते, हा नियमही दोन्हीकडे सारखाच आहे. 'मला वाटते' यासाठी 'मे पारेसे', 'मला दोन रुपये कमी पडतात' यासाठी 'मे फाल्तान दोस रूपियास'. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तके ज्या रचनेवर पाने खर्च करतात, ती मराठी विद्यार्थ्याच्या तोंडी घरापासूनच असते.

याच ओघात एका नामाचाही उल्लेख करावा. पाण्यात पोहणारा मासा म्हणजे 'पेस' आणि पकडून खाण्यासाठी आणलेली मासळी म्हणजे 'पेस्कादो'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. मराठीतील 'मासा' आणि 'मासळी' यांची सीमा इतकी काटेकोर नसली तरी भेदाची जाणीव तीच आहे.

*(६) तोडणे, तुटणे आणि हातून घडणे.* इंग्रजी 'ब्रेक' सकर्मक व अकर्मक दोन्ही आहे. मराठीत तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे, फाडणे-फाटणे अशा जोड्या आहेत. स्पॅनिश हाच भेद 'रोम्पेर' आणि 'रोम्पेर्से' असा करते. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, नकळत घडलेल्या गोष्टीसाठी स्पॅनिशमध्ये स्वतंत्र रचना आहे. 'से मे रोम्पिओ ला रेद' याचे इंग्रजी 'मी जाळे फाडले' या वळणाने होते आणि दोष बोलणाऱ्यावर येतो. मराठीत ते 'माझ्या हातून जाळे फाटले' असे नेमके उतरते. कृती आपल्या हातून झाली, पण आपण ती केली नाही, हा सूक्ष्म भाव दोन्ही भाषांनी व्याकरणात जपला आहे.

मराठी जेथे अर्धीच साथ देते

*(१) माहीत असणे, ओळखणे, येणे.* इंग्रजी 'नो'साठी स्पॅनिशमध्ये 'साबेर' आणि 'कोनोसेर' अशी दोन क्रियापदे आहेत. 'मी त्या नाखव्याला ओळखतो' येथे 'कोनोसेर' आणि 'मला पोहता येते' येथे 'साबेर' हे मराठीवरून सहज कळते. परंतु 'मला थळ माहीत आहे' येथे मराठी फसवते, कारण 'माहीत असणे' दोन्ही प्रदेशांत फिरते. यावर एक सोपी कसोटी आहे. 'माहीत' या शब्दापुढे 'की', 'कुठे', 'केव्हा' असे उपवाक्य येत असेल तर 'साबेर'. पुढे व्यक्ती किंवा स्थळ असेल आणि प्रत्यक्ष परिचय अभिप्रेत असेल तर 'कोनोसेर'. थळ कोठे आहे हे माहीत असणे आणि थळ माहीत असणे यांत हाच फरक आहे.

भूतकाळात मराठी पुन्हा मदतीला येते. स्पॅनिशच्या दोन भूतकाळांमुळे या क्रियापदांचा अर्थ बदलतो. 'साबीआ' म्हणजे 'माहीत होते' आणि 'सुपे' म्हणजे 'कळले'. 'कोनोसीआ' म्हणजे 'ओळखत होतो' आणि 'कोनोसी' म्हणजे 'ओळख झाली'. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे अर्थ पाठ करावे लागतात. मराठीत त्यांना स्वतंत्र शब्दच आहेत.

*(२) वाचवणे आणि साठवणे.* इंग्रजी 'सेव्ह'साठी बुडणाऱ्याला वाचवणे म्हणजे 'साल्बार', पैसे शिल्लक टाकणे म्हणजे 'आओर्रार' आणि रात्रीच्या जेवणासाठी कालवण राखून ठेवणे म्हणजे 'ग्वार्दार'. मात्र मराठीत जीवही वाचवतात आणि पैसेही वाचवतात. म्हणून 'वाचवणे' हा शब्द आला की थांबून कर्म तपासावे.

*(३) मराठीतील अधिक बारीक भेद.* काही ठिकाणी मराठीच अधिक वाटण्या करते. लुगडे नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात. स्पॅनिशला या वस्त्रभेदाशी कर्तव्य नाही. ती वेगळाच प्रश्न विचारते. वस्त्र अंगावर आहे की ते आता चढवले जात आहे? अंगावर असेल तर 'येबार', चढवण्याची क्रिया असेल तर 'पोनेर्से'. कोळीण लुगडे नेसली आहे येथे पहिले, ती लुगडे नेसते आहे येथे दुसरे. अशा वेळी मराठी क्रियापदाऐवजी मराठी काळरूपाकडे पाहावे लागते.

मराठी जेथे वाट चुकवते

*(१) असणे.* स्पॅनिशमध्ये 'असणे' यासाठी 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदे आहेत. मराठीत आणि इंग्रजीत एकच. 'कायमचे असेल तर सेर, तात्पुरते असेल तर एस्तार' असा नियम अनेकदा सांगितला जातो, परंतु तो टिकत नाही. खांदेरी थळच्या समोर आहे, ती तेथून हलणार नाही, तरीही येथे 'एस्ता' हेच रूप येते. मृत्यूइतके कायमचे दुसरे काही नाही, तरी 'मेलेला आहे' यासाठी 'एस्ता मुएर्तो' असेच म्हणतात. योग्य कसोटी अशी की, वस्तू काय आहे हे सांगायचे असेल तर 'सेर'. ती कोठे आहे किंवा कोणत्या अवस्थेत आहे हे सांगायचे असेल तर 'एस्तार'. समारंभाचे स्थळ हा याला अपवाद. 'सभा शाळेत आहे' येथे 'सेर' येते, कारण सभा ही वस्तू नसून घटना आहे.

मराठीतील 'आहे' आणि 'असतो' यांची जोडी 'एस्तार' आणि 'सेर' यांच्याशी जुळवण्याचा मोह होतो. 'थळची मासळी ताजी असते' आणि 'ही मासळी ताजी आहे' अशा वाक्यांत ती काही अंशी जुळल्यासारखी वाटते. तथापि 'खांदेरी हे बेट आहे' येथे मराठीत 'आहे' असूनही स्पॅनिशमध्ये 'सेर' लागते. म्हणून ही जोडी नियम म्हणून स्वीकारता येत नाही.

मात्र धातुसाधितांच्या बाबतीत मराठी पुन्हा अचूक साथ देते. 'किल्ला बांधला गेला' ही घटना, तेथे 'फुए कोन्स्त्रुईदो', म्हणजे 'सेर'. 'किल्ला दगडात बांधलेला आहे' ही अवस्था, तेथे 'एस्ता कोन्स्त्रुईदो', म्हणजे 'एस्तार'. 'गेला' आणि 'लेला आहे' हा भेद ध्यानात ठेवला तर येथे चूक होण्याचे कारण नाही.

अस्तित्व सांगण्यासाठी स्पॅनिशमध्ये 'आय' हे तिसरे रूप आहे. 'बेटावर दीपगृह आहे' येथे 'आय', 'दीपगृह बेटावर आहे' येथे 'एस्ता'. मराठीत क्रियापद बदलत नाही, पण शब्दक्रम बदलतो. नवी गोष्ट सांगताना स्थळ आधी येते, माहीत असलेल्या गोष्टीचे ठिकाण सांगताना ती गोष्ट आधी येते. हा शब्दक्रम वाचायला शिकणे पुरेसे आहे.

*(२) येणे आणि जाणे.* कोणी हाक मारली की मराठी माणूस 'आलो' म्हणतो आणि निरोप घेताना 'येतो' म्हणतो. स्पॅनिश भाषक पहिल्या प्रसंगी 'बोय', म्हणजे 'जातो', असे म्हणतो आणि दुसऱ्या प्रसंगी 'मे बोय', म्हणजे 'निघतो'. स्पॅनिशमध्ये 'बेनीर' म्हणजे येणे हे बोलणाऱ्याच्या जागेकडे होते; ऐकणाऱ्याकडे जाणे हे 'ईर', म्हणजे जाणेच. त्यामुळे 'तुमच्या घरी मासळी घेऊन येतो' या वाक्यात 'त्राएर', म्हणजे आणणे, न वापरता 'येबार', म्हणजे नेणे, वापरावे लागते. येथे मराठीचे सौजन्य व्याकरणावर मात करते. 'जातो' म्हणणे आपल्याकडे अशुभ मानतात, स्पॅनिशमध्ये तसा संकेत नाही. हा भेद क्रियापदाचा कमी आणि संस्कृतीचा अधिक आहे, म्हणून तो जाणीवपूर्वक शिकावा लागतो.

उपयोजन : खांदेरीचा एक संकल्पित माहितीफलक

२०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांत खांदेरीचा समावेश आहे. परदेशी पर्यटकांसाठी येथे इंग्रजी मजकुरावरून स्पॅनिश फलक करायचा झाल्यास वरील विवेचन कसे उपयोगी पडेल, हे पाहू.

'खांदेरी हे बेट आहे' येथे 'सेर', 'ते थळसमोर आहे' येथे 'एस्तार', 'बेटावर १८६७ मधील दीपगृह आहे' येथे 'आय'. इंग्रजी मजकुरात तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद असेल. 'शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६७९ मध्ये किल्ला बांधला गेला' ही घटना असल्याने 'सेर'. 'मुंबईच्या इंग्रजांनी बांधकाम रोखण्याचा प्रयत्न केला' येथे इंग्रजी 'ट्राय'साठी 'इन्तेन्तार'. त्याच 'ट्राय'साठी कोशात 'प्रोबार' हा शब्दही आढळेल, परंतु पदार्थ चाखून पाहणे किंवा वस्तू वापरून पाहणे हे त्याचे क्षेत्र. मराठीतील 'प्रयत्न करणे' आणि 'करून पाहणे' यांतील अंतर लक्षात घेतले की निवड सोपी होते. 'सिद्दीने १६८० मध्ये उंदेरी घेतली' येथे 'तोमार'. 'थळहून होडी निघते' येथे 'सालीर' आणि 'कचरा बेटावर टाकून जाऊ नये' येथे 'देहार', जरी इंग्रजीत दोन्हीकडे 'लीव्ह' असले तरी. 'फोटो काढावेत' येथे 'साकार'. या नऊ ठिकाणांपैकी तीन 'असणे'ची सोडली तर बाकी सर्व निर्णय मराठी वाक्यानेच दिलेले आहेत.

अभ्यासपद्धती

वरील विवेचनावरून वर्गात वापरण्याजोगी एक क्रमवार रीत सुचते.

१. इंग्रजी वाक्याचे असे मराठी करावे, जे घरातील किंवा बंदरावरील माणूस सहज बोलेल. छापील, इंग्रजी वळणाचे मराठी येथे निरुपयोगी ठरते.

२. मराठी क्रियापद नेमके असेल तर त्याचा स्पॅनिश प्रतिशब्द घ्यावा. ते व्यापक असेल, उदाहरणार्थ 'असणे', 'माहीत असणे', 'वाचवणे', तर कर्म, स्थळ आणि अवस्था तपासावी.

३. येणे-जाणे आणि आणणे-नेणे यांत बोलणारा कोठे उभा आहे, हे पाहावे.

४. एक वही ठेवून तिच्यात इंग्रजी क्रियापद मध्यभागी न लिहिता डावीकडे मराठी आणि उजवीकडे स्पॅनिश क्रियापद लिहावे. इंग्रजी शब्द केवळ तळटीपेत असावा.

यंत्रानुवादाच्या आजच्या काळात या रीतीचे महत्त्व कमी होत नाही. ज्या भाषाजोडीचा समांतर मजकूर अल्प आहे, तेथे अनेक यंत्रणा इंग्रजीला मधला दुवा म्हणून वापरत आल्या आहेत. विद्यार्थी ज्या वळणावर चुकतो त्याच वळणावर यंत्रही चुकू शकते. 'विचारणे' आणि 'मागणे' एकदा 'आस्क'मध्ये विरघळले की त्यांना पुन्हा वेगळे करणे संदर्भाच्या भरवशावर राहते. तेथे तपासणाऱ्याला मराठी आणि स्पॅनिश दोन्ही थेट माहीत असणे हाच उपाय.

निष्कर्ष

१. इंग्रजी क्रियापदांच्या व्यापकतेमुळे निर्माण होणाऱ्या स्पॅनिश पर्यायांपैकी पुष्कळसे पर्याय मराठीत स्वतंत्र क्रियापदांच्या रूपाने आधीच उपलब्ध आहेत.

२. आवडणे, वाटणे, कमी पडणे, हातून घडणे या रचनांत मराठी आणि स्पॅनिश यांची मांडणी एकमेकींना इंग्रजीपेक्षा अधिक जवळची आहे.

३. 'असणे' तसेच 'येणे-जाणे' या दोन क्षेत्रांत मराठीवर विसंबून चालत नाही. शिकवण्याचा अधिक वेळ येथे द्यावा.

४. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी परकीय भाषेच्या वर्गात स्वतःला दुप्पट मागे समजतो, कारण त्याला नवी भाषाही शिकायची असते आणि ती समजावणारी इंग्रजीही. प्रत्यक्षात क्रियापदांच्या बाबतीत त्याच्यापाशी इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात नसलेली शिदोरी असते. ती त्याला दाखवून देणे हे अध्यापकाचे काम आहे.

स्पॅनिशचे मराठीतून समजावणारे चांगले पाठ्यपुस्तक आणि थेट मराठी-स्पॅनिश क्रियापदकोश यांची निर्मिती हे या दिशेचे पुढील पाऊल ठरेल. महाविद्यालयीन स्तरावर विद्यार्थी व अध्यापक यांनी एकेका क्रियापदाच्या जोड्या संकलित केल्या तरी त्या कोशाची सुरुवात होऊ शकते.